एनक्लेक्ससाठी वर्गणीची प्रश्नपेढी: कित्येक महिने वापरल्यावरचं माझं मत

एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून लायसन्स मिळवायची परीक्षा, पास झाल्यापासून 'प्रश्नपेढी घेऊ का, पैसे वसूल होतात का' असं विचारणारे मेसेज थांबतच नाहीत. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी आयसीयूत काम करते, फिरत्या शिफ्ट असतात, क्लास लावणं शक्यच नव्हतं. सगळी भिस्त परदेशी प्रश्नपेढीवर होती. वर्गणी डॉलरमध्ये, त्यामुळे आपल्या पगारात ती टोचते. तरी घ्या, असंच सांगेन, फक्त कशासाठी घ्यायची ते आधी समजून घ्या.

सुरुवातीचे काही आठवडे नुसती चिडचिड होते. पॅथॉलॉजी आपल्याला येत असते, आड येते ती वॉर्डातली सवय. एक प्रश्न बघा: चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? एकाचं पोटाचं ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी आठ. दुसरा सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार), ऑक्सिजन सॅच्युरेशन 90. तिसरीची थायरॉइड काढून काही तास झालेत, ओठांभोवती मुंग्या येतायत म्हणते. चौथा डिस्चार्जच्या कागदांसाठी खोळंबलाय. आपल्याकडे खरं उत्तर काय? ज्याचे नातेवाईक काउंटरवर येऊन आवाज चढवतायत, तो! परीक्षेत मात्र थायरॉइडवाली. ऑपरेशनमध्ये थायरॉइडला लागून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली तर कॅल्शियम उतरतं, मुंग्या ही त्याची सुरुवातीची खूण, आणि पुढे स्वरयंत्र आवळून श्वासच अडकू शकतो. सीओपीडीत 88 ते 92 चालतं. दुखण्याकडे लगेच बघायचंच, पण ते अपेक्षित आहे.

पैसे वसूल होतात ते इथे. उरलेले तीन पर्याय का मागे पडले, हेही प्रत्येक प्रश्नाखाली दिलेलं असतं. बरोबर आलेल्या प्रश्नांचं स्पष्टीकरणही वाचा, कारण अंदाजाने लागलेलं उत्तर दुसऱ्यांदा लागेलच असं नाही.

कामाच्या वाटणीचे प्रश्न आपल्याला सगळ्यात जड जातात. आपल्याकडे स्पंजिंगपासून युरीन मोजण्यापर्यंत निम्मं काम मावशी आणि नातेवाईक उरकतात. अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स), तिच्या खालची एलपीएन (प्रॅक्टिकल नर्स) आणि सहायक अशी उतरंड आहे, आणि पेशंटचं पहिलं असेसमेंट, शिकवणं, परिणाम तपासणं हे आरएनने दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नसतं. 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय दिसला की आपला हात आपोआप तिकडे जातो. आधी बघा, प्रश्नात असेसमेंट झालंय का? नसेल तर बहुतेक वेळा तेच आधी करायचं असतं. औषधांची नावंही डोक्यात बदलून घ्यावी लागतात: पॅरासिटामॉलचं असिटामिनोफेन, अॅड्रिनलिनचं एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. वॉर्डात ब्रँडच्या नावाने हाका मारणाऱ्यांनी हे आधीच सुरू करावं.

टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या जुन्या पीडीएफच्या नादी लागू नका. एप्रिल 2023 पासून परीक्षा बदलली आहे. केस स्टडी आल्या, एकेका पेशंटवर सहा प्रश्न, बो-टाय (मधे पेशंटला काय झालंय, एका बाजूला काय करायचं, दुसऱ्या बाजूला कशावर लक्ष ठेवायचं ते निवडायचं) आले, बऱ्याच प्रश्नांना अंशतः गुणही मिळतात. जुन्या पीडीएफमध्ये यातलं काही नसतं, आणि काही उत्तरं चक्क चुकीची असतात.

आता शांत राहण्याबद्दल. प्रश्नपेढीचा सगळ्यात वाईट भाग म्हणजे तिचा टक्क्यांचा पडदा. नाइट करून आल्यावर लाल आकडा बघितला की दिवस गेलाच. आकडा कमीच दिसणार, कारण प्रश्न मुद्दाम अवघड ठेवलेले असतात. मी ते पान उघडणं बंद केलं आणि कुठल्या विषयात अडतेय एवढंच वहीत लिहू लागले.

खऱ्या परीक्षेत तर धीर सुटावा अशीच रचना आहे. उत्तर बरोबर आलं की मशीन पुढचा प्रश्न अवघड देतं, चुकलं की सोपा. म्हणजे बरोबर-चूक दोन्हीची शक्यता सारखी असेल, अशाच जागी ते तुम्हाला आणून ठेवतं. चांगली तयारी झालेल्या मुलीलाही 'गेली परीक्षा' असंच वाटतं. तसं वाटण्याचा निकालाशी संबंध नाही, हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. त्यातले 15 प्रश्न नुसते चाचणीचे, गुणांत न धरलेले, पण कुठले ते कळत नाही. तेव्हा एखादा अगदीच अगम्य आला तर त्यातला समजून पुढे सरका. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, म्हणून घरीही तसाच सराव करा.

माझं मशीन 85 ला थांबलं नाही. पुढचा प्रश्न आला आणि पोटात गोळा आला. पण याचा अर्थ एवढाच की पास की नापास हा मशीनचा निर्णय अजून 95 टक्के पक्का नाही. मी पेन खाली ठेवलं, श्वास सावकाश सोडला, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला, आणि मग वाचायला घेतलं. कोडमध्ये, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडून धावपळ उडते तेव्हा, हात थरथरतात तेव्हाही आपण हेच करतो. ब्रेकमध्ये घड्याळ चालूच राहतं, तरी मी घेतला. पाणी प्यायले, चेहरा धुतला, त्या पाच मिनिटांचा पश्चात्ताप नाही. मुंबईला सेंटर असेल तर आदल्या दिवशीच पोचा. लोकलच्या भरवशावर सकाळी निघू नका. तिथे तळहाताचं स्कॅनिंग होतं, खिसे उलटे करून दाखवावे लागतात, फोन लॉकरमध्ये जातो. इअरप्लग मागून घ्या, शेजारच्या कीबोर्डचा आवाज फार लागतो.

तक्रारी? मोबाइल अॅप जुन्या फोनवर अडकतं, आकृत्या नीट दिसत नाहीत, लॅपटॉप हवाच. आणि वर्गणी घेण्याची घाई करू नका. कागदपत्रं तपासून घेणं, नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन यात महिनोन्महिने जातात आणि तोवर वर्गणी संपते. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी तर आधी पासपोर्ट आणि नोंदणीतलं नाव जुळवावं. सेंटरवर पासपोर्टवरचं नाव रजिस्ट्रेशनशी जुळलं नाही तर आत घेत नाहीत. परीक्षेची परवानगी हातात यायच्या बेताला वर्गणी घ्या, तीन महिन्यांची पुरते.