झोटेरो आणि मराठी संदर्भ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

झोटेरो म्हणजे संदर्भ साठवून त्यांची सूची बनवून देणारे फुकट सॉफ्टवेअर. त्याची तारीफ करणारे बहुतेक लेख इंग्रजी शोधनिबंध डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. तिथे ते खरोखर चोख आहे. कांडीच्या चिन्हावर टिचकी मारा, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) चिकटवा, लेखक-नियतकालिक-खंड-पृष्ठे भरून येतात. (चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ तपासायलाही हीच कांडी वापरावी. डीओआय टाकल्यावर काहीच आले नाही किंवा भलताच लेख आला, तर तो संदर्भ बहुधा बनावट समजा.) आठ महिन्यांत सुमारे चारशे नोंदी झाल्या, निम्म्याहून जास्त मराठी. मराठीसाठी निष्कर्ष असा : आपोआप आलेली नोंद कच्ची समजायची आणि प्रत्येकीला तीन-चार मिनिटे हाताने द्यायची. तेवढी तयारी असेल तर याच्याइतके कामाचे फुकट साधन नाही.

कच्ची का, ते बघा. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) टाकला की माहिती बहुधा परदेशी ग्रंथालयांच्या सूचींतून येते, म्हणजे शीर्षक रोमन लिपीत, डोक्यावर-पायाखाली चिन्हे लावून. जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची जी मराठी पुस्तके आहेत, त्यांची शीर्षकेही बरीचशी रोमनमध्ये आणि वाटेल तशा स्पेलिंगची. तिथल्या वर्षावर अजिबात विसंबू नका. स्कॅन उघडा, मुखपृष्ठामागचे पान गाठा, वर्ष आणि आवृत्ती तिथून घ्या. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. म्हणजे शके १८२० हे १८९८ असेल किंवा १८९९. महिना छापलेला नसेल तर ‘१८९८-९९’ लिहावे, उगाच एक निवडू नये.

आवृत्तीचा घोळ कसा होतो याचा नमुना म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. पहिली आवृत्ती १८३१ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जो शोधता येतो तो सुधारून वाढवलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा, १८५७चा मजकूर. अर्थ तिथून उचलून सूचीत १८३१ लिहिले, तर नसलेल्या पानाचा दाखला दिल्यासारखे होते. झोटेरोत तारखेच्या रकान्यात १८५७ टाका. पहिल्या आवृत्तीचे वर्ष हवेच असेल तर ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ‘ओरिजिनल डेट’ असे इंग्रजीत लिहून, पुढे अपूर्णविराम (:) देऊन ते टाकता येते.

आता आकडे. तारखेच्या रकान्यात देवनागरी अंक लिहू नका. झोटेरोला ते कळत नाहीत, वर्षाचा स्तंभ रिकामा राहतो आणि कालक्रम लावला की नोंद भलतीकडे जाते. अंक इंग्रजीच ठेवा. प्रबंध पूर्ण झाला की फाईलची प्रत काढून ठेवा, प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करा (म्हणजे संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तुटतो) आणि मग अंक बदला. मूळ फाईलला हात लावू नका, कारण मार्गदर्शकांचे शेवटचे बदल नेहमी ‘शेवटचे’ झाल्यावरच येतात.

नावांची अडचण अशी : ‘राजवाडे वि. का.’ असे स्वल्पविरामाशिवाय आले, तर शेवटचा तुकडा आडनाव धरला जातो आणि सूचीत ‘का.’ नावाचे विद्वान अवतरतात. आडनाव पहिल्या खणात, आद्याक्षरे दुसऱ्या. शासनाचा विभाग किंवा संस्था लेखक असेल तर शेजारच्या चिन्हाने दोन खणांचा एक खण करून घ्या. विश्वकोशाच्या बाबतीत लेखकाचे नाव नोंदीच्या अगदी तळाशी असते. झोटेरोची ब्राउझरमधली पुरवणी ते उचलेल अशी आशा ठेवू नये. भाषेच्या रकान्यात मराठीचा दोन अक्षरी संकेत (एम-आर) भरा. नाहीतर काही संदर्भशैली (सूची मांडण्याचे ठरावीक नमुने) रोमन लिपीतल्या मराठी शीर्षकांचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतात.

शासन निर्णयासाठी वेगळा प्रकार नाही. ‘रिपोर्ट’ निवडा, निर्णय क्रमांक अहवाल-क्रमांकाच्या जागी, विभाग संस्थेच्या जागी. निर्णयाच्या शेवटी छापलेला १८ अंकी संगणक संकेतांक ‘एक्स्ट्रा’मध्ये जरूर ठेवा. दुवा मेला तरी त्यावरून निर्णय पुन्हा सापडतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस असतात. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. दुवा एकेका फाईलचा देऊ नका, ‘१०६०३/’ने सुरू होणारा प्रबंधाचा कायमचा दुवा (हँडल) द्या आणि प्रकरण व पान तळटीपेत लिहा.

वेबपानाची झोटेरो प्रत साठवतो, पण ती तुमच्या संगणकावर. वाचकाला तिचा काय उपयोग? म्हणून वेबॅक मशीन या वेबपाने जतन करणाऱ्या सेवेच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पान साठवून तो दुवाही नोंदीत टाका. त्यातले १४ अंक म्हणजे वर्षापासून सेकंदापर्यंतची वेळ, तीही ग्रिनिचची. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत साठवलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख दिसते, ती चूक नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शोधाने. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, शोधात मात्र एक टाकला की दुसरा सापडत नाही. ‘अॅ’ आणि ‘ॲ’चे तेच. आपल्या नोंदींत एकच पद्धत ठरवून घ्यावी, आणि साठवलेल्या मजकुरात शोधताना शब्दाचा निर्धोक भाग, म्हणजे नुसते ‘दुस’, टाकावा. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या पीडीएफमधून ओळ नकलून बघा. रोमन अक्षरांचा कचरा आला, तर झोटेरोच्या शोधालाही तोच दिसतो. अशा फाईलची पाने चित्ररूपात काढून, टेसरॅक्ट या साधनात मराठी भाषा निवडून ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणे) करावे लागते, आणि जोडाक्षरे नंतर नजरेखालून घालावी लागतात.

सूचीत मध्येच ‘एट अल.’ आणि ‘एडिटर’ डोकावतात ते शैलीच्या भाषेमुळे. टूल्समधल्या डेव्हलपर मेनूत स्टाईल एडिटर आहे. तिथे त्या शब्दांच्या जागी ‘व इतर’, ‘संपा.’ घालता येते. शैलीचे नाव आणि ओळख-दुवा दोन्ही बदलून साठवा, नाहीतर पुढच्या अद्ययावतीकरणात तुमचे बदल पुसले जातात. मराठी आणि इंग्रजी नोंदी एकाच यादीत आल्या की देवनागरी नोंदी शेवटी जातात. विद्यापीठाला मराठी आधी हवे असेल तर ते हातानेच.

फुकट जागा ३०० एमबी. स्कॅन केलेली चार-सहा जाड पुस्तके, की संपली. फाईलींचे सिंकिंग बंद करून नुसत्या नोंदी सिंक केल्या, तर पैसे लागत नाहीत. दुबार नोंदी शोधण्याची सोय आहे, पण रोमन आणि देवनागरी शीर्षके तिला एक वाटत नाहीत. ती जुळणी महिन्याला एकदा, लेखकवार यादी लावून, डोळ्यांनीच करायची.