बडोद्यातील एका घरभाडे एजंटाच्या सेवेविषयी

दांडिया बाजार परिसरात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळवून देणाऱ्या एजंटाची सेवा आम्ही दोन वर्षे अनुभवली. घर दाखवण्यात त्याने कसूर केली नाही. नळाला पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हेही त्याने आईला समोर उभे राहून दाखवले. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी घेतली, त्याबद्दलही तक्रार नाही.

तक्रार आहे ती भाडेवाढीची. बारा महिन्यांपर्यंतच्या करारास नोंदणी सहसा सक्तीची नसल्याने बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचाच करार होतो, आणि तो संपण्याच्या आठवडाभर आधी एजंटाने १२,००० रुपयांचे भाडे थेट १३,२०० होणार असल्याचे फोनवर कळवले. करारात वाढीचा आकडा नव्हता. त्या जागी नुसती रेघ होती. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात भाडेवाढ करारातील अटींप्रमाणेच आणि राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत असे सांगितले आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बंधनकारक नाही, तरी बोलणीसाठी तो उत्तम आधार ठरतो. मी तोच पुढे केला, शेजारच्या तीन फ्लॅटांची भाडी विचारून आलो, आणि मालकांशी समोरासमोर बसल्यावर १२,६०० वर एकमत झाले.

पाच टक्के मला न्याय्य वाटतात. रंगरंगोटीही न करता दहा टक्के मागणे अन्यायाचे आहे. या एजंटाकडे घर जरूर पाहावे, मात्र सही करण्यापूर्वी ती रेघ आकड्याने भरून घ्यावी.