इन्कॉईसचा लाटांचा अंदाज: उंचीच्या आकड्यावर जाऊ नका, पिरियड बघा

मालवणात आमची फायबरची छोटी होडी आहे, सीझनला दादा आणि मी पर्यटक फिरवतो. हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज आता रोज सकाळी चहाच्या आधी बघतो, फुकट आहे आणि होडीवाल्या प्रत्येकाने बघावाच.

आधी एक दुसरं अ‍ॅप होतं, त्यात लाटेची उंची तेवढी मोठ्या अक्षरात दिसायची. एप्रिलमधली गोष्ट, वारा नाही, पाणी तेलासारखं, अ‍ॅपवर १.२ मीटर, दादा म्हणाला काय नाय रे, चल. पुळणीला होडी लावून माणसं चढवत होतो आणि लागोपाठ तीन लाटा अशा आल्या की होडी आडवी झाली, अर्धी भरली, इंजिन भिजलं, एका आजींना दादाने अक्षरशः उचलून बाहेर काढलं. घरी येऊन इन्कॉईसवर बघितलं तर उंची तीच पण स्वेलचा, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटांचा, पिरियड १६ सेकंद!

पिरियड म्हणजे लाटेचा एक माथा गेला की दुसरा येईपर्यंतचा वेळ. सेकंदांचा वर्ग करा, १.५६ ने गुणा, खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. इथल्या वाऱ्याने उठलेली ६ सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, आणि १६ सेकंदांची जवळपास ४०० मीटर! ही लाट पार दक्षिणेकडच्या वादळांतून हजारो किलोमीटर येते, बाहेर समुद्रात कळतसुद्धा नाही इतकी पसरट असते, उथळात आली की उभी राहते. केरळात असा समुद्र आत घुसला की कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, अगदी बरोबर नाव आहे.

अजून एक, दाखवतात ती उंची सगळ्यात मोठ्या लाटेची नसते, मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दीड मीटर लिहिलंय तर एखादी तीन मीटरच्या आसपासची पण येऊ शकते.

रत्नागिरीसमोर नांगरलेला त्यांचा पिवळा बोया लाटांबरोबर वरखाली होत खरी मापं पाठवतो, म्हणून माझा जास्त विश्वास. फक्त अंदाज उघड्या समुद्राचा असतो, खडपाजवळ आणि खाडीच्या तोंडावर लाट किती उठेल ते तिथे उभं राहूनच बघायचं.

आता पिरियड १४ च्या वर दिसला की उंची एक मीटरच्या आत असली तरी पुळणीला होडी लावत नाही, जेटीवरूनच माणसं घेतो, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.