अॅसिड ब्लाँडी ओढून बघितला: उदबत्ती जास्त, तंबाखू कमी

आधीच सांगतो, फ्लेवरवाले सिगार हा माझा प्रांत नाही. माझं आजोळ निपाणीचं, मे महिन्यात एसटीतून उतरलं की आधी नाकात तंबाखूची खाट जायची आणि पहिले दोन दिवस नुसते शिंकण्यात जायचे, त्यामुळे तंबाखूला तंबाखूचाच वास यावा असं माझं मत लहानपणीच पक्कं झालंय. पण इथे न्यू जर्सीत आमच्या शनिवारच्या कंपूत एक पोरगा नवीन आलाय, त्याला साधा सिगार दिला की दोन झुरक्यांत चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मग त्याच्यासाठी काहीतरी माइल्ड बघत होतो तर दुकानदाराने ड्रू इस्टेट कंपनीचा अॅसिड ब्लाँडी पुढे केला. दोन घेतले, एक त्याला एक मला, सहा-सात डॉलरला एक पडला.

नाव ऐकून बायकोने भुवया उंचावल्या, पण अॅसिड म्हणजे तसलं नशेबिशेचं काही नाही हो. कंपनीवाल्या जोनाथन ड्रूचा स्कॉट चेस्टर म्हणून एक आर्टिस्ट दोस्त, त्याचं टोपणनाव अॅसिड, तेच ब्रँडला चिकटवलं. कंपनी १९९६ साली न्यूयॉर्कात सुरू झालेली, सिगार मात्र वळतात निकाराग्वात, एस्तेलीला.

साइज ४ बाय ३८. म्हणजे लांबी चार इंच, आणि रिंग गेज म्हणतात तो इंचाचा चौसष्टावा भाग धरून मोजतात, तर ३८ म्हणजे जाडी साधारण १५ मिलिमीटर. छोटासा, बारीक दिसतो. वरचं पान कनेक्टिकट शेड, हे पीक कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवतात म्हणून पान पातळ आणि रंग फिकट, गव्हाळ. ब्लाँड म्हणजे फिकट सोनेरी, ब्लाँडी नाव त्यावरूनच पडलं असावं.

आता मुद्द्याचं. पाकीट फोडलं आणि वास आला तो थेट देवघराचा! खोटं नाही सांगत, मोगरा उदबत्ती, थोडं अत्तर, मागे कुठेतरी मध. बायको आतून ओरडली, अरे आत्ता रात्री उदबत्ती कुणी लावली. कंपनीचं म्हणणं असं की ते वरून फ्लेवर मारत नाहीत, तंबाखूची पानंच वनस्पती आणि तेलांच्या वासात मुरवत ठेवतात, आणि ते खरं असावं कारण वास वरवरचा नाही वाटत, कापलं तरी आतून तोच येतो. नक्की काय काय घालतात हे मात्र ते सांगत नाहीत.

तोंडाकडचं टोक गोड केलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. ओठाला लावला आणि दचकलोच, लहानपणी साखरेची गोळी चघळल्यावर ओठ चिकट व्हायचे तसं. नवीन माणसाला हे आवडतं, मला पहिली दहा मिनिटं त्या गोडाच्या पलीकडे काही कळेना. पहिला एक तृतीयांश भाग सगळा अत्तराचाच, सोबत काळी कॉफी घेतली होती ती पण बिनसाखरेची असून गोड लागायला लागली.

मधे मात्र गंमत आली. गोडी ओसरली, आणि धूर नाकाने सोडला तेव्हा खालची तंबाखू सापडली. वाळलेलं गवत, जरा क्रीमसारखा मऊपणा, तिखटपणा जवळजवळ नाहीच. हीच दहा-बारा मिनिटं खरी, इथे फुलांचा वास आणि तंबाखू एकमेकांना धरून चालले, आणि मी मनातल्या मनात निपाणीच्या नाकाने पास केलं. शेवटाला गरम व्हायला लागला, बारीक सिगार भराभर ओढला की होणारच, चूक माझी, मिनिटाला एक झुरका पुरे. जळाला सरळ, ड्रॉ मोकळा म्हणजे ओढायला जोर लागत नाही, राख पांढुरकी. एकूण अर्धा तास.

एक सांगून ठेवतो. माइल्ड म्हणजे चव आणि कडकपणा माइल्ड, तंबाखू ती तंबाखूच. धूर गिळायचा नसतो हे खरं, पण सिगारचा धूर अल्कधर्मी असतो त्यामुळे निकोटीन तोंडातूनच अंगात भिनतं. आमचा पोरगा ‘काय गोड आहे राव’ करत उपाशीपोटी भसाभसा ओढत बसला आणि नंतर डेकच्या पायरीवर डोकं धरून. वरण-भात खाल्ल्यावर माणसात आला, आणि तरी म्हणाला परत आण.

माझे मार्क म्हणाल तर दहापैकी सहा. त्याचे नऊ. रोज साधा सिगार ओढणाऱ्याने घेऊ नये, चिडचिड होईल. ज्याला कडक झेपत नाही, किंवा घरच्यांना सिगारचा वास सोसत नाही त्याच्यासाठी झकास. यापेक्षा मोठा आणि जरा भरदार हवा तर ह्याच घरातला कुबा कुबा आहे, ५ बाय ५४, पण त्यात अत्तर अजून दणकून, मला अर्ध्यात नको झालं.

आणि हो, हा बाकीच्या सिगारसोबत एका ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार ओलसर ठेवायच्या डब्यात, ठेवू नका. दुकानात वेगळ्या कपाटात का ठेवतात ते मला नंतर कळलं. पोरासाठी परत चार आणले आणि आळशीपणा करून माझ्याच डब्यात टाकले, तीन आठवडे. परवा मस्त साधा निकाराग्वन काढला, पेटवला, आणि पहिल्याच झुरक्याला मोगरा.