'सिव्हिलायझेशन ४'मधील धर्म आणि पवित्र नगरे

२००५ साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन ४' या, राष्ट्र घडवत नेण्याच्या संगणकीय खेळाने त्या मालिकेत प्रथमच धर्माला स्वतंत्र स्थान दिले, आणि ती रचना मला आजही अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. ध्यानविद्या सर्वांत आधी शोधणाऱ्या राष्ट्राकडे बौद्ध धर्माची, तर अनेकेश्वरवाद आधी गाठणाऱ्याकडे हिंदू धर्माची स्थापना होते. अशा एकूण सात धर्मांपैकी प्रत्येकाचा उगम ज्या नगरात होतो, ते त्याचे पवित्र नगर ठरते.

खरी खोली या नगरांतच आहे. महान प्रेषित या खेळातील खास पात्राच्या हातून तेथे तीर्थस्थान उभारले की, तो धर्म जगातील जितक्या नगरांत पोहोचला असेल तितक्या सुवर्णमुद्रा दर फेरीला मिळू लागतात, मग त्यातली काही नगरे शत्रूची का असेनात. शिवाय त्याच नगरात बाजार आणि बँक बांधल्यास हे उत्पन्न आणखी वाढते. साहजिकच धर्मप्रचारक पाठवणे हा राज्यकारभाराचा भाग बनतो आणि शेजाऱ्याचे पवित्र नगर जिंकणे हे युद्धाचे सबळ कारण ठरते. समान राजधर्म असलेले राजे जवळ येतात, भिन्न धर्माचे दुरावतात, हेही पटण्याजोगे आहे.

सातही धर्मांचे परिणाम मात्र सारखेच ठेवले आहेत. कोणाचाही अवमान न होण्यासाठी हा संयम मला योग्य वाटतो, तरी त्यामुळे धर्मांचे वेगळेपण हरवते. याउलट २०१२ च्या 'क्रुसेडर किंग्स २' या मध्ययुगीन राजघराण्यांवरील संगणकीय खेळात जेरुसलेम कॅथलिक आणि सुन्नी या दोन्ही पंथांसाठी पवित्र आहे, त्यामुळे तेथील संघर्षाला खऱ्या भूगोलाचे वजन लाभते. इतिहासाची ओढ असलेल्यांनी दोन्ही खेळ अवश्य खेळावेत.