रिकाम्या फील्डने केलेला घोळ: आरएमएम टूलमधल्या कंडिशन्स, आठ महिने वापरल्यावर

पावसाळ्यात एका 20 तारखेला, दुपारी दीड वाजता, आमच्या अकाउंट्समधले चार लॅपटॉप एकदम रीस्टार्ट झाले. जीएसटीआर-3बी भरायचा शेवटचा दिवस, त्या दिवशी अकाउंट्सला जेवणाची सुट्टी नसते. मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

आरएमएम टूल म्हणजे ऑफिसमधली सगळी मशीन लांबून सांभाळायचं सॉफ्टवेअर. त्याचा हा रिव्ह्यू त्याच संध्याकाळी लिहायला घेतला होता. रागात लिहिलेलं अर्धं आता खोडलंय.

अंबडला कारखाना, सातपूरला छोटं युनिट, मिळून 130 मशीन. आयटीत मी आणि एक शिकाऊ पोरगा. टूलचं नाव देत नाही. एजंट टाकणं, पॅच, रिमोट हे सगळं ठीक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही.

तर रीस्टार्टच्या ऑटोमेशनला मी कंडिशन लावली होती: विभाग ‘अकाउंट्स’ नाही. नवे चार लॅपटॉप आले तेव्हा त्यांचं विभागाचं फील्ड भरायचं राहिलं. रिकामं म्हणजे ‘अकाउंट्स’ नाहीच, म्हणून चौघंही यादीत. माझा हात एसक्यूएलवर, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेवर, बसलेला. तिथे नल (रिकामी किंमत) असलेली ओळ ‘याच्याशी समान नाही’ म्हटलं तरी गळून पडते. इथेही तसंच होईल असं मी धरून चाललो. सपोर्टचं उत्तर आलं, ‘हे असंच अपेक्षित आहे.’ मग दोन दिवस मेलामेली.

डोकं शांत झाल्यावर एक गोष्ट आठवली. पहिल्याच महिन्यात ‘अँटिव्हायरस आमचा नाही’ अशी कंडिशन लावून मी 11 उघडी मशीन शोधली होती आणि शेठकडून शाबासकीही घेतली होती. त्या 11 पैकी बहुतेकांचं अँटिव्हायरसचं फील्ड रिकामंच होतं! एसक्यूएलसारखं वागलं असतं तर ती कधी सापडलीच नसती. म्हणजे टूल बरोबर होतं. तेव्हापासून प्रत्येक ‘नाही’च्या जोडीला ‘आणि विभाग रिकामा नाही’ ही ओळ घालतो.

तरी एक तक्रार मागे घेणार नाही. सेव्ह करण्याआधी टूल सांगतं, ‘87 डिव्हाइस जुळतात.’ कुठली 87? नावं बघायची असतील तर वरचा प्लॅन घ्या. हे म्हणजे वाण्याने बिलाची एकूण रक्कम सांगायची आणि यादीचे वेगळे पैसे मागायचे.

दुसरा घोळ विंडोज 10 चा. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपणार होता, म्हणून ‘ओएसच्या नावात विंडोज 10’ अशी कंडिशन लावली. अपग्रेड केलेली मशीनसुद्धा यादीतून हलेनात. टूल नाव उचलतं रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) प्रॉडक्टनेमवरून, आणि तिथे विंडोज 11 वरही ‘विंडोज 10’ असंच लिहिलेलं असतं. त्यापेक्षा बिल्ड क्रमांक, म्हणजे विंडोजच्या आवृत्तीचा आतला नंबर, बघायचा: 22000 पासून पुढे 11. तसं केलं तर स्टोअरमधलं विंडोज 8.1 चं म्हातारं मशीन ‘11’ च्या यादीत येऊन बसलं. कारण बिल्डचं फील्ड टेक्स्ट निघालं. त्याचा बिल्ड 9600, आणि अक्षर म्हणून तुलना केली की 9 हा 2 पेक्षा मोठा. हसावं की रडावं कळेना. शेवटी बिल्ड ‘22’ किंवा ‘26’ ने सुरू होतो अशा दोन ओळी ‘किंवा’ने जोडून भागवलं.

वरचा प्लॅन मी घेतलेला नाही. त्याऐवजी नवं ऑटोमेशन आधी त्याच कंडिशन्सवर, पण नुसता ‘चाचणी’ टॅग लावायला सोडतो, मग टॅगची यादी उघडून नावं वाचतो, आणि पटलं तरच खरं काम जोडतो. पाच मिनिटं जातात, पैसे शून्य.

मॅडम मात्र अजून दर 20 तारखेला सव्वा वाजता फोन करतात, ‘आज काही करणार नाहीयेस ना?’