सोसायटीच्या सामायिक सायकली: जून ते होळी, वापरून झाल्यावर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गेल्या जूनपासून सामायिक सायकलींची योजना सुरू आहे. होळी होऊन गेली तरी ती चालू आहे, हीच मोठी बातमी म्हणायची. आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांमधले लोक मला आणि बायकोला रस्त्यात गाठून विचारतात, "कसं जमवलंत?", "चोरीला नाही जात?", "भांडणं?" एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे दरवेळी चहा थंड व्हायचा नाही. निकाल आधी: योजना घेण्यासारखी आहे, पैसे वसूल आहेत, चोरी एक झाली आहे. आणि ती टिकली आहे ती महागड्या कुलपांच्या जिवावर नाही, गेटवरच्या दोनशे पानी वहीच्या जिवावर.

सायकली आल्या कुठून? पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यातून. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, खांबाला साखळीने बांधलेल्या सात-आठ सायकली दिसतीलच. कुणाच्या मुलाने नववीत घेतलेली, मुलगा आता बंगळुरूला. कुणी करोनाच्या काळात हौसेने आणलेली, नंतर शिवलीही नाही. टायर जमिनीला चिकटलेले, सीटवर कबुतरांची कृपा. कमिटीने नोटीस लावली की पंधरा दिवसांत सायकल वापरात आणा, घरी न्या, नाहीतर योजनेला द्या. चौदा मिळाल्या. त्यातल्या नऊ उभ्या राहिल्या, उरलेल्या पाचांचे ब्रेक, पेडल आणि चाकं या नवांच्या अंगावर चढली. सभासद होणाऱ्या घराने पाचशे रुपये अनामत भरायची आणि महिन्याला शंभर द्यायचे. चाव्या गेटवर. एका वेळी चार तास, रात्री दहानंतर नाही.

आता सायकलींबद्दल. शॉकअप लावलेल्या जाडजूड टायरच्या सायकली दिसायला रुबाबदार, पण त्या पोरांच्या वाढदिवसांना घेतलेल्या स्वस्तातल्या गाड्या आहेत. वजन भरमसाट, आणि पुढचा शॉकअप खड्ड्यात दबतो कमी, कुरकुरतो जास्त. पौड रस्त्याच्या चढाला त्या माणसाचा दम काढतात. सगळ्यात जास्त मागणी आहे ती एका साध्या, बिनगियरच्या, पुढे बास्केट असलेल्या लेडीज सायकलला. ती रविवारी सकाळी सहाला गेलेली असते. कोथिंबीर, दूध, इस्त्रीचे कपडे, सगळं त्या बास्केटमध्ये बसतं, आणि साडी किंवा लुंगीवाल्यालाही चढता-उतरता येतं. नवीन योजना करणाऱ्यांनी गियरच्या मागे लागू नये. दोन सायकली गियरच्या ठेवा, बाकी साध्या.

देखभालीचा खर्च आम्ही धरला होता त्याहून जास्त आला. पंक्चर, ब्रेक शू, ऑईलिंग हे किरकोळ. खरा खर्च चाकांचा. सायकल एकाच माणसाची असली की तो खड्डा बघून चालवतो. नऊ घरांनी चालवली की चाकाची आऊट काढायला, म्हणजे वाकडं झालेलं चाक सरळ करायला, महिन्याआड मेकॅनिककडे जावं लागतं. पावसाळ्यात चेन गंजल्या. आमच्या पार्किंगच्या त्या कोपऱ्यात पाण्याचा सडाका येतो, तिथे पत्र्याची शेड हवी हे जुलैतच कळलं. मेकॅनिक ओळखीचा आहे, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊन एका रांगेत सगळ्या तपासतो आणि एकत्र बिल देतो. ही सोय झाल्यापासून बराच ताप कमी झाला.

कुलपांकडे येऊ, कारण लोकांना त्याचंच जास्त कुतूहल असतं. सुरुवातीला आम्ही आकड्यांची केबल लॉक घेतली. चावी हरवायची भानगड नको म्हणून. हातात घेतल्यावर केबल अंगठ्याएवढी जाड वाटते. पण एक केबल पुढे आपोआपच उसवली, तेव्हा कापून आत बघितलं: बाहेर सगळा प्लास्टिकचा पाइप आणि मध्ये बॉलपेनच्या रिफिलहूनही बारीक अशा तारेचा पीळ. घरातल्या साध्या पकडीने मी तो कापून बघितला. पहिल्या दाबात निम्मा, दुसऱ्यात तुटला. अशी केबल सायकल जाग्यावर उभी ठेवायला ठीक, चोर थांबवायला नाही. आकड्यांचा दुसरा घोळ असा की आठवड्याभरात ते सगळ्यांना ठाऊक होतात. आमच्याकडे कुणीतरी ते थेट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच टाकले, शंभर-सव्वाशे लोकांसमोर.

यावरून एक गंमत. १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या बंडखोर तरुणांनी पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या सायकली रस्त्यावर फुकट ठेवल्या होत्या, कुणीही न्यावी आणि कुठेही सोडावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण सायकल बिनकुलपाची ठेवणं तिथल्या नियमात बसत नव्हतं. मग या पोरांनी आकड्यांची कुलपं लावली आणि आकडे सायकलवरच रंगवून टाकले. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप साठ वर्षं उशिरा तिथेच पोचला, फरक एवढाच की त्यांनी मुद्दाम केलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही केबल काढून टाकल्या. आता प्रत्येक सायकलला मागच्या चाकाचं चावीचं जुन्या पद्धतीचं कुलूप आणि सोबत एक जाड कडीची साखळी. साखळी जड आहे, बायका-मुलं कुरकुर करतात, पण ती फ्रेममधून आणि खांबातून घातली तर हातातल्या पकडीने काम होत नाही. नुसत्या चाकातून घालू नका. चाक जागेवर आणि बाकी सायकल गायब, हे दृश्य डेक्कनला मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणखी एक: अख्ख्या सायकलीपेक्षा सुटे भाग जास्त जातात. खटका दाबून सैल होणारी सीट असेल तर ती काढून तिथे नट-बोल्ट बसवा. आमच्या दोन सीट आणि जवळजवळ सगळे दिवे पहिल्या तीन महिन्यांत गेले. घंटीसुद्धा सोडली नाही लोकांनी. आता दिवे चावीसोबत गेटवरच मिळतात आणि परत करायचे असतात.

तर ती वही. बँकेतून निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावरचे काका ती सांभाळतात. रकाने आखलेले: तारीख, सायकलचा नंबर, फ्लॅट, नेल्याची वेळ, कुठे चाललात, आणल्याची वेळ, सही. "कुठे चाललात" हा रकाना पाहून तरुण मंडळी आधी चिडली. मीच म्हणालो, "काका, अहो वहीत कशाला, गूगल शीट करू या की." ते म्हणाले, "शीट गेटवर कोण उघडणार? वही उघडीच असते. आणि सही केली की माणूस सायकल आणतो." दर शनिवारी काका फळीवरच्या चाव्या मोजतात आणि वहीशी ताळा करतात. ताळा जमला नाही तर रविवारी सकाळी इंटरकॉम वाजतो. "काय हो, तुमच्याकडे सात नंबर आहे ना? नाही नाही, घाई नाही, पण आणा."

या एका सवयीने किती "चोऱ्या" सुटल्या याला गणती नाही. नोव्हेंबरात पाच नंबरची सायकल गेली म्हणून ग्रुपवर आकांत झाला, सीसीटीव्ही बघायची मागणी झाली, बाहेरून येणाऱ्या कामवाल्या मावशींवर संशय घेऊन झाला (याची लाज वाटायला हवी होती, फार कुणाला वाटली नाही). काकांनी वही उघडली. सायकल चार दिवसांपूर्वी आमच्याच इमारतीतल्या एका मुलाने नेली होती, वनाज मेट्रो स्टेशनच्या खाली लावली होती, आणि येताना मित्राच्या गाडीवरून घरी आला होता. सायकल तिथेच होती, धूळ खात, शाबूत. सायकल हरवते ती बहुतेक वेळा अशीच.

खरी चोरी मात्र एकच, जानेवारीत, भाजी घ्यायला थांबलेली असताना. फक्त चाकाचं कुलूप होतं, उचलून नेली. इथे जे कळलं ते प्रत्येक सायकलवाल्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) प्रमाणे चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. हे ऐकायला बरंच वाटतं, आणि एखाद्या पोराने सायकल चोरली म्हणून त्याने तुरुंगात जावं असं मलाही वाटत नाही. पण या पाच हजारांच्या आतल्या चोरीला अदखलपात्र गुन्हा धरलं आहे. म्हणजे एनसी नोंदवली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आमची सायकल मुळात जुनी, दान मिळालेली, बिल कुणाकडेच नाही. किंमत विचारल्यावर आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, फ्रेम नंबर विचारला, तो आमच्याकडे होता, एनसीत गेला. सायकल मिळालेली नाही.

म्हणून हे करा: सायकल उलटी करा. दोन्ही पेडलांचा दांडा जिथून जातो त्या आडव्या नळकांड्याच्या बुडाशी बहुतेक सायकलींवर नंबर ठोकलेला असतो. चिखल खरवडून काढावा लागतो, आमच्या दोन सायकलींवर तो रंगाखाली गाडला गेला होता, खडू घासल्यावर अक्षरं उठली. त्याचा फोटो, सायकलचा बाजूने फोटो आणि बिलाचा फोटो, तिन्ही एकत्र ठेवा. दान देणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही आता बिल मागतो, नसेल तर "ही सायकल मी सोसायटीला दिली" एवढी सहीची चिठ्ठी. जुनी सायकल विकत घेणार असाल तर विकणाऱ्याकडे बिल मागाच. फार स्वस्तात मिळते आहे आणि बिल नाही, तर कुणाच्या तरी पार्किंगमधून ती आलेली असू शकते. आमच्या आजोबांच्या काळी सायकलला सरकारी बिल्ला असायचा, बिनबिल्ल्याची सापडली की दंड. त्रासच होता तो, पण सायकल कुणाची हे कागदावर होतं.

शहराच्या पातळीवर हे करून झालेलं आहे, हे आठवत असेल. महापालिकेने २०१७च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास विद्यापीठात, औंधला ॲपवरच्या सायकली दिसू लागल्या. मग पिवळ्या आल्या, नारिंगी आल्या. अर्ध्या तासाला रुपया वगैरे दर होते. मी तेव्हा भरपूर वापरल्या आणि मला आवडल्याही होत्या. पण कुठे सीट नाही, कुठे कुलूप फोडलेलं, कुठे सायकल थेट नाल्यात. दोनेक वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. लोक म्हणतात पुणेकरांना सवय नाही. मला ते पटत नाही. सायकलींच्याच शहरातली माणसं ही. त्या सायकलीवर कुणाची सही नव्हती, आणि ती परत आली नाही तर रविवारी सकाळी कुणाचा इंटरकॉम वाजणार नव्हता. नऊ सायकलींना एक काका पुरतात, हजारोंना कोण पुरणार, हा प्रश्न मला सुटलेला नाही. कदाचित हजारांच्या योजनेऐवजी शंभर सोसायट्यांच्या शंभर वह्या हा मार्ग असेल.

तक्रारीही सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना सायकल लिफ्टने वर नेऊन गॅलरीत ठेवायची सवय आहे, "खाली धूळ बसते" म्हणून. त्यांच्याशी कोण बोलणार यावर दोन मीटिंगा झाल्या. लहान मुलांना बसतील अशा सायकली नाहीत, त्यामुळे मुलंबाळं असलेल्या घरांना शंभर रुपये टोचतात. सीटची उंची दरवेळी बदलावी लागते आणि बदलून कुणी मूळ जागी ठेवत नाही. आणि कर्वे रस्त्यावर, पौड रस्त्यावर सायकल ट्रॅक कुठे सुरू होतो आणि कुठल्या हातगाडीपाशी संपतो, याचा नेम नाही. त्यावर आमची वही काही करू शकत नाही.

ज्यांना सुरू करायची आहे त्यांनी वीसपेक्षा कमी घरं असतील तर पडू नये, महिन्याचा खर्च निघत नाही. साठ-सत्तर घरं असतील आणि हिशेबाची आवड असलेलं एखादं निवृत्त माणूस असेल तर जरूर करा. ते माणूस मिळालं नाही तर थांबा, ॲप घेऊ नका.

आमच्याकडे आता आणखी दोन बास्केटवाल्या सायकली घ्यायचं ठरलं आहे, या वेळी नवीन, बिलासकट. शेडचा विषय वार्षिक सभेत येणार आहे. एका सभासदाचं म्हणणं आहे की शेडमुळे त्यांच्या कारची जागा दीड फूट कमी होते. काकांनी टेप घेऊन मोजलं, नऊ इंच भरलं. सभा पुढच्या रविवारी आहे.